कुलूपबंद उपकेंद्र आणि सन्माननीय सदस्य

मंगळवार, सायंकाळ

नागपूरच्या अधिवेशनात आज आमच्या गावाचे आरोग्य उपकेंद्र साक्षात अवतरले. परिचारिका नाही, दाराला दिवाळीपासून कुलूप, हे खरे आहे काय? मंत्रिमहोदय वदले, "हे खरे नाही. उपकेंद्र कार्यरत आहे." आणि प्रश्नकर्ते आमचे आमदार? "धन्यवाद" म्हणून आसनस्थ! एकही उपप्रश्न नाही. धन्यवाद कशाबद्दल? कुलपाबद्दल?

टीव्हीसमोर सौभाग्यवती कडाडल्या, "सूनबाईले नववा महिना लागला. वर्ध्याले पोहचेपर्यंत का होईन तिचं?"

मी संसदीय कार्यपद्धतीचे विवेचन आरंभिले.

"तुमचं संस्कृत राहू द्या. त्या आमदाराले फोन लावा. म्हणा, बाळंतपण कराले तूच येजो."

लावला. क्रोधाने कंपित स्वरात निरोप अक्षरशः निवेदिला. सन्माननीय सदस्यांनी शांतपणे ऐकला, आणि म्हणाले, "धन्यवाद."