चाळीस पिकोसेकंदांची थरथर

१६ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून राग बंद.
पुण्याच्या कंपनीनं मला गावी, रिठदला, घरी बसून काम करायला पाठवलंय. ऑफिसात शेजारच्या हेमसिंगच्या डोक्यावर कीबोर्ड फुटला हे निमित्त. खरं म्हणजे मला एकांत लागतो हे एचआरनं ओळखलं. अटी दोन: शुक्रवारी, २६ला नव्या चिपचा रिपोर्ट, आणि मारामारी नाही. नाहीतर नोकरी गेली.
काम सोपं. चिपमध्ये दोन क्लॉक, म्हणजे ठेका धरणारे सिग्नल, जातात, ए आणि बी. चिपनं ए पुढे सोडायचा, बीला आतच दाबून ठेवायचं. याला म्हणतात इनपुट आयसोलेशन. बी झिरपला की ए थरथरतो. तो जिटर.
ए आणि बीच्या दोन्ही केबली लोंबकळत होत्या. बघवेना. बाबांनी शिकवलेला पीळ घालून त्यांचं दावं वळलं. बैल बांधावा असं झालंय.

१७ सप्टेंबर, सकाळी ११
जिटर अर्धा पिकोसेकंद हवा, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचा अर्धा. येतोय चाळीस. बाहेरून कुठलातरी विजेचा गोंगाट घुसतोय.
माझ्या साहेब रीता मॅडमचा फोन. म्हणाल्या, बी बंद करून बघितला का? केबली एकमेकींपासून लांब आहेत ना? दोन्हीला हो म्हणालो. दहा वर्षांच्या अनुभवी माणसाला बालवाडीचे प्रश्न! फोन ठेवून उशी फाडली. उशी म्हणजे माणूस नव्हे. अट शाबूत.

१८ सप्टेंबर
चोर सापडला. शेजारच्या दौलतरावांची पिठाची चक्की. मोटार बाबा आदमच्या काळातली.
शांतपणे समजवायला गेलो. दौलतराव म्हणाले, तुया कंप्युटरच्या डब्यासाठी गावानं उपाशी मरावं काय बे? मग विळ्यानं चक्कीचा पट्टा कापावा लागला. त्यांनी ज्वारी मोजायची लोखंडी पायली फेकून मारली. कपाळावर बसली. मी त्यांना पिठात लोळवलं. पीठ मऊ असतं, ही मारामारी धरता येत नाही.
चक्की बंद. जिटर चाळीस.

१९ सप्टेंबर
चक्की नव्हतीच. मुन्नादादाचं वेल्डिंग! थोरला भाऊ, घराला लागूनच दुकान. सोयाबीनची काढणी तोंडावर आलीय, तालुक्यातली मळणी यंत्रं त्याच्या दारात उभी. वर्षाचं काम या पंधरा दिवसांत.
बंद कर म्हणालो. दादा म्हणाला, लोकायचं सोयाबीन वावरात उभं हाय, मी कसा बंद करू? मी हातोडा भिंतीला मारला. भिंत चुकली. दादाच्या डोक्याला चार टाके.
टाके घालून आला आणि मला मानेला धरून गुरांच्या हौदात बुडवलं. तीनदा. आई मुसळ घेऊन मधे पडली, दोघांनाही झोडलं. म्हणे, एकाच पोटचे हा ना रे तुमी? काहून जीव घेऊन राह्यले?
पाठ सुजली. लिहवत नाही.

२० सप्टेंबर
सकाळी दादानं स्वतःच दुकानाचा मेन स्विच पाडला. म्हणाला, तुई नोकरी राह्यली पायजे. तुयं होऊ दे, मंग पाहू. दारातली यंत्रं रिसोडला दुसऱ्या वेल्डरकडे पाठवून दिली. डोक्याला पट्टी, आणि चेहऱ्यावर काही नाही.
गहिवरून आलं. आता रागावर माझा पूर्ण ताबा आहे.
जिटर चाळीस.

२३ सप्टेंबर
उदयसिंग काठी घेऊन आला. त्याचं यंत्र दादाकडे होतं, आता रिसोडला रांगेत पडलंय. म्हणाला, तुयापायी मायं सोयाबीन शेंगातून फुटून राह्यलं वावरात! मी फावडं उचललं, केवळ स्वसंरक्षण. एक दात पडला. माझा.
आईनं आज माझं ताट वाढलं नाही.
जिटर चाळीस.

२५ सप्टेंबर, दुपारी ३
संशयावरून पंखा फोडला. भिंतीवरचं घड्याळ फोडलं. चाळीस. शेवटी टेबलालाच लाथ घातली. टेबल कलंडलं, बीची केबल सुटून पडली.
जिटर अर्धा.

३.१०
केबल परत जोडली. चाळीस.

३.४०
पीळ सोडला. दोन केबली खोलीच्या दोन टोकांना ठेवल्या. बी चालूच. जिटर अर्धा.
चिपचा दोष नाही. चक्कीचा नाही, वेल्डिंगचा नाही. बी माझ्या दाव्यातून एमध्ये झिरपत होता.

४.००
पीळ बाबांनी शिकवला. मूळ चूक त्यांची.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
रिपोर्ट गेला. नाव दिलं: ‘केबलींच्या पिळाचा जिटरवरील परिणाम, एक सखोल अभ्यास’. बढतीची शक्यता नाकारता येत नाही.

दुपारी २
मॅडमचा फोन. म्हणाल्या, मी हेच विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात. दात पडल्यानं शब्द फुसफुसत होते, तोंडाला काय झालं तेही विचारलं. मग म्हणाल्या, चिपचा बोर्ड कुरिअर करा, सोमवारपासून नोकरी नाही.

संध्याकाळी ६
गावात मळण्या सुरू झाल्या. सगळी यंत्रं रिसोडहून सांधून आलेली. दादा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, झालं काय तुयं? करू काय मी दुकान चालू?
पिळाचं सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.
म्हणालो, अजून दोन दिवस थांब.
बरं म्हणाला. जाता जाता विचारलं, जेवला काय रे?
भयंकर राग आला. घरभर फिरलो. हाणायला कोणी सापडेना.