आतड्याचा जोड आणि चार वारांचे उपास

खमरिया, जबलपूर

तीर्थरूप अक्कास, दिवाकरचा साष्टांग नमस्कार (पोट जमिनीला न टेकवता, तेवढी सूट देशील).

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींनी चोरून लोणचं खाणं थांबवलं का? इथे सगळं ठीक. म्हणजे माझं ऑपरेशन परवा व्हायचं होतं ते झालं नाही, एवढं सोडून.

अक्का, ही डॉक्टरीणबाई म्हणजे काय बाई आहे! वयानं तुझ्या सुमेधाएवढी, पण आवाज हेडमास्तरांचा. माझ्या आतड्याचा गाठ असलेला तुकडा ती कापून काढणार आणि उरलेली दोन टोकं शिवून एकमेकांना जोडणार. शिवणार! आपण उशीची खोळ शिवतो तशी. मी तोंडात बोट घालून ऐकत राहिलो. नळाचा जोड गळला तर चिंधी बांधता येते, पण हा जोड गळला तर घाण पोटात पसरते आणि माणूस वाचेलच असं नाही, हेही तिनं सरळ सांगितलं. मग कोणाचा जोड गळू शकतो ते धुंडायला लागली. तंबाखू खाता का, साखरेचा आजार आहे का, रक्त कमी आहे का, वजन किती उतरलं. जन्मभर मी इथल्या कारखान्यात तोफगोळे तपासले, पण एकाही गोळ्याची एवढ्या मायेनं चौकशी केली नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

तंबाखू सोडली म्हणून तिनं शाबासकी दिली. त्या भरात मी सांगून टाकलं की ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून आमची अक्का नवस बोलली आहे आणि त्यापायी सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा असे कडक उपास मी करतो आहे. (उरलेल्या दिवशी भूकच लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) मला वाटलं, बाई खूश होणार. तिनं पेन खाली ठेवलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, माझे दंड चाचपले आणि म्हणाली, "दादा, टाँके किसमें पकड़ेंगे? शरीर में कुछ बचा तो हो!" तंबाखू नाही, साखर नाही, माझ्या जिवाला सगळ्यात मोठा धोका तुझा नवस निघाला. ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं. त्याहून जास्त गाठ थांबणार नाही म्हणते. तोवर डाळ, दूध, पनीर आणि रोज (शिव शिव) अंडी.

सोबत आलेली आमची ही, इंदिरा, तिथंच आपल्या वऱ्हाडीत कडाडली, "काहून जी, देवाले हाडं वाहून राहिले का तुम्ही?"

खरं सांगतो, एकाच माणसाबद्दल एवढी भीती आणि एवढी भक्ती मला कधी वाटली नव्हती. (इंदिराबद्दल नव्हे, डॉक्टरीणबाईंबद्दल.)

भावजींना नमस्कार, सुमेधाला आशीर्वाद.

तुझा
दिवाकर

ता. क. नवस मोडला तर देव कोपेल म्हणून इंदिरानं वाढलेलं ताट मी दोनदा परत पाठवलं. नवस तू बोललीस, तूच सोडव. नुसतं "खा" एवढं लिहून परतीच्या टपालानं पाठव.

पुन्हा ता. क. टपालाचा काय भरवसा! आज सोमवार, आणि मी अंडं खाल्लं. दोन खाल्ली. तेव्हा माझे उपास आजपासून तू धर. साबुदाणा चालत नाही. रागावू नकोस ग अक्का, मला जगायचं आहे.