शून्य राहून गेलं

देवपूर, धुळे
८ मार्च १९८८

तीर्थस्वरूप तोताराम नानांना,

चुडामणचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना आराम असेल, काकूंचा खोकला गेला असेल आणि केळीची बाग वाऱ्याने आडवी झाली नसेल, अशी आशा आहे. मी मात्र झालोय.

नाना, मी सहा वर्षं कशावर प्रबंध लिहितोय हे तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि मी फराळात तोंड घालतो. आज सांगतो. गणितात कॅटेगरी म्हणून प्रकार असतो: काही वस्तू आणि एकीकडून दुसरीकडे जाणारे बाण. (हे बाण कागदावरचे, कुणाला लागत नाहीत, असं मी परवापर्यंत समजत होतो.) माझी कॅटेगरी एनरिच्ड, म्हणजे तिच्यात बाणांची बेरीज होते; वस्तूंची होत नाही. तीही व्हावी, कॅटेगरी ॲडिटिव्ह व्हावी, म्हणून मी एकट्या वस्तूऐवजी वस्तूंच्या याद्या घेतल्या. एका यादीमागे दुसरी जोडली की झाली बेरीज. याद्यांमधले बाण म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांत मांडलेले जुने बाण. दोनशे दहा पानं झाली. शेजारच्या भिकुबाई डोकावून म्हणाल्या, "मास्तर, इतलं बठ्ठं लिखं, मंग राह्यनं काय?" एवढं सगळं लिहून राहिलं काय, या प्रश्नावर मी हसलो.

शुक्रवारी जळगावला पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. परीक्षक मऊ आवाजाचे वयस्कर गृहस्थ. पाऊण तास सुरळीत गेला. मग ते म्हणाले, "पाटील, यात शून्य कुठे आहे?" मी शून्य बाण दाखवला. "तो बाण झाला. शून्य वस्तू?" ॲडिटिव्ह कॅटेगरीला ती लागतेच, आणि माझ्याकडे ती म्हणजे रिकामी यादी. मी तर याद्या एका वस्तूपासून सुरू केल्या होत्या! (रिकाम्या यादीला यादी कोण म्हणतं? लताने पिशवीबरोबर कोरा कागद दिला तर मी बाजारातून आणू काय?) सहा वर्षं सगळं मांडलं आणि 'काहीच नाही' तेवढं मांडायचं राहिलं. परीक्षक पुढे काहीतरी बोलत होते. मी "नाही सर, नाहीच" म्हणून उठलो आणि धुळ्याची एस.टी. धरली. पारोळ्याला कळलं की प्रबंध टेबलावरच राहिला आणि माझ्या खिशात परीक्षकांचं पेन आहे.

आता कॉलेजातली नोकरी सोडतो. मला बागेत ठेवून घ्या. पाणी सोडेन, पानं कापेन, पण घड मोजायला सांगू नका. मोजायला कुठून सुरुवात करायची यावरचा माझा विश्वास उडालाय.

तुमचा पुतण्या,
चुडामण

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात गाईड सरांचं कार्ड आलं. परीक्षक म्हणतात, एक ओळ बदला, याद्या शून्यापासून घ्या, बाकीच्या सिद्धता तशाच टिकतात. हेच ते सांगत होते, पण उमेदवार पळाला. येत्या शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. नाना, त्या खोलीत बसून राहायचा धीर माझ्यात नाही. तुम्ही या, आणि बाहेरच्या बाकावर बसा. मी दारात दिसलो तर परत आत ढकला.

आणखी एक. आलात की लतासमोर यातलं काही बोलू नका. मी पास झालो असं तिला शुक्रवारीच सांगून टाकलं. तिने गल्लीभर पेढे वाटले. दोन मीही खाल्ले.