कोंबड्यांचं पुस्तक आणि पाचवं नाव

अलास्का, ३ फेब्रुवारी

अर्नेस्टीन आत्या,

मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? इथे अजून कडाक्याची थंडी. कारखान्यात दिवसभर मासे कापायचे. हाताला इतका वास की जेवतानाही जात नाही. तू पाठवलेले मोजे वापरतो.

पत्र लायब्ररीच्या पत्त्यावर टाकलंय. तुला दिसत नाही, म्हणून तिथल्या मिस पेटवे ते घरी आणून वाचून दाखवतील. मिस पेटवे, मधलं काही गाळू नका.

आत्या, मी तुला दर रविवारी पेपर वाचून दाखवायचो ना? पाद्रीबाबांच्या डुकरानं मेयरची गाडी अडवली, ती बातमी मीच रचली होती. तू इतकी हसलीस की मग दर आठवड्याला काहीतरी रचावं लागलं. मला वाचता येत नव्हतं.

तेवढंच असतं तर मी इतक्या लांब आलो नसतो.

मागच्या वर्षी लायब्ररीचं पत्र आलं होतं. मी वरचा शिक्का ओळखला, ‘पुस्तक’ हा शब्द लागला, बाकी ठोकून दिलं, “जुनी पुस्तकं मागतायत.” तू भडकलीस. “सतरा वर्षांची असताना त्यांच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या टेबलाशी आम्ही पाच काळी पोरं वाचत बसलो, तर पोलिसांच्या गाडीत कोंबलं. आता माझीच पुस्तकं हवीत? टाक कचऱ्यात!” मी टाकलं.

मग शेजारची क्लिओथा सांगत आली, “त्या दिवशी बसलेल्यांपैकी चौघांचीच नावं लायब्ररीच्या भिंतीवर लागणार गं. तुझं नाही.” तू म्हणालीस, “विसरले असतील. मी कुठे बोलकी होते.” दोन दिवस मक्याच्या लापशीला हात लावला नाहीस. तेव्हा मला कळलं, मी काय फेकलं ते. पुढच्याच आठवड्यात, पगार चांगला आहे असं तुला सांगून मी इकडे निघालो.

ते तुला विसरले नव्हते. नाव लावायला सही मागत होते. उत्तर आलं नाही, म्हणून तुला नको असेल असं धरलं. हे मी परवा मिस पेटव्यांना फोन करून विचारलं. त्या दिवशी टेबलाशी बसताना तू घाईत उचललेलं ते कोंबड्या पाळायचं पुस्तक प्रदर्शनासाठी काचेच्या पेटीत ठेवलंय म्हणे. पण ते कोणाच्या हातात होतं, ते लिहिलेलं नाही.

शेजारी काम करणारी लोर्ना मला डब्यांवरची अक्षरं शिकवते. म्हणते, “खोटं रचायला एवढी अक्कल, मग वाचायला काय धाड भरली होती?” हे पत्र माझ्या हातचं आहे. चार दिवस लागले. चुका लोर्नानं सुधारल्या.

प्रदर्शन याच महिन्याच्या सत्तावीस तारखेला उघडतंय. मिस पेटव्यांकडे कागद आहे. माझ्यावरचा राग त्या कागदावर काढू नकोस, सही कर.

एप्रिलमध्ये येईन. दार उघडलंस तर घरी, नाहीतर आधी लायब्ररीत. भिंतीसमोर उभा राहून पाचही नावं वाचीन, बोट ठेवून, मोठ्यानं. तू शेजारी उभी राहा. या वेळी बरोबर वाचतोय का, ते मिस पेटव्यांकडून तपासून घे.

तुझाच,
मार्केल