कुनाच्याबी मार्फत न्हाई

आवं,

मायना एवढाच जमला. नाव लिवून पत्र सुरू करायचं तर आदी उखाना आठवावा लागंल, आन् आज काय सुचत न्हाई.

उद्या मला हापिसात सही करायची हाय. तुमच्याच जनावरांच्या दवाखान्यात शिपायाच्या जागेवर घेत्यात मला, तुमच्या माघारी. झाडलोट करायची, सुया उकळायच्या, लशीची पेटी उतरवून घ्यायची. पन सहीच्या कागदावर तोच नियम हाय, ज्यानं तुमाला घरी बसवलं. परवानगीबिगर दवाखान्यातली गोष्ट भाईर सांगायची न्हाई! म्हनून तुमाला विचारावं म्हनलं. दुसरं हाय कोन विचारायला?

रडू येत न्हाई मला. बाया म्हनत्यात, दगडाची हाय. असू दे. भाकरी थापते, पानी आनते, लेकीची येनी घालते. कुनी तुमचा विषय काढला की नुसतं व्हय म्हनते.

ती पेटी लोनंदच्या फलाटावर उनात पडून ऱ्हायली, तितनं सगळं सुरू झालं. मेंढरांच्या देवीची लस. बर्फातनं आली तर औषध, न्हाईतर नुसतं पानी, हे तुमीच मला शिकवल्यालं. पेटी उघडलीसा तर बर्फ कवाच इतळून गेल्याला, भुसा भिजून चिंब. साहेबाला सांगितलंसा. साहेब म्हनलं, "टोचून टाका. टार्गेट पुरं करायचंय." पुन्यांदा सांगितलंसा, तर म्हनलं, "लेखी द्या. माझ्या मार्फत वर जाईल."

दिलंसा लिवून! साहेबाचीच तक्रार, आन् साहेबाच्याच मार्फत! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. अर्ज टेबलावरनं हललाच न्हाई, आन् टोचायचा दिवस उजाडला.

मग काय केलंसा? सायकल काढलीसा आन् थेट म्हाकूआबाच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलासा. "आबा, लस नासलीया. टोचली म्हनून निर्धास्त राहू नगा. मेंढरं दुसऱ्या कळपात घालू नगा." एवढंच बोललासा, आन् त्यापायी सस्पेंड.

माळावर जाऊन सांगून आलासा, आन् घरात चकार शब्द न्हाई! मला कळलं ते हिरीवर, पान्याच्या रांगेत. आवं, बायकोला तरी सांगायचं का न्हाई? त्यावर हसलासा. "तुला सांगितलं असतं तर तू नगं म्हनली असतीस."

म्हनलं असतं. शंभरदा म्हनलं असतं! सरकारी नोकरी काय झाडाला लागती?

साताऱ्याच्या चौकशीला मी बी आल्ते. आनीबानीचं दिवस, भिंतीभिंतीवर कमी बोलायचा उपदेश रंगवल्याला. मी भाईर बाकड्यावर, दार उघडंच. लशीचं नाव कुनी काढलं न्हाई. बर्फाचं न्हाई. "बाहेर का बोललात? वरिष्ठांच्या मार्फत का नाही कळवलं?" ह्येच फिरून फिरून. तुमी म्हनलासा, "मार्फतच दिलं हुतं, साहेब. तितंच अडलं." मग त्यांच्याच नियमाचं पुस्तक पुढं केलंसा. "सरकारी मानसानं सचोटीनं वागावं, ह्ये बी ह्यातच लिवलंय की!" चौकशीवालं साहेब खिडकीतनं भाईर बघत बसलं.

तुमचा वकील बरा मानूस. जाताना मला म्हनला, "वहिनी, बोलू नये याला नियम आहे. खरं बोललेल्या माणसाला वाचवायला एकही नाही."

इस्लामपूरचा माझा दादा म्हनला, "दाजी, माफी लिवून द्या, मिटवून टाका." न्हाई लिवलंसा. लय राग आला हुता मला. अजून हाय थोडा.

आन् एक दिस जेवता जेवता छातीला हात लावलासा. घास तसाच ताटात ऱ्हायला.

मग हापिसाचा कागद आला. संबंधित कर्मचारी मयत, सबब चौकशी बंद. दोषी न्हाई, आन् निर्दोष बी न्हाई. मला एकच शब्द पायजे हुता. तो मिळायला म्हनं तुमी जित्तं पायजे हुतासा.

नोकरीचा अर्ज द्यायला गेले, तर कारकुनानं मान वर न करता विचारलं, "मयताचं नाव?" लग्नापास्नं उखान्याबिगर तुमचं नाव घेतलं नव्हतं कवा. त्या दिवशी घेतलं. आवाज बी हलला न्हाई माझा.

काल म्हाकूआबा आल्ता. पडवीत घोंगडं टाकून बसला. मग म्हनला, "पोरी, पल्याडच्या माळावर त्या लशीच्या भरवशावर कळप एकत्र केलं. देवी आली, मेंढरं पटापटा गेली. आमी येगळं ऱ्हायलो, माझ्या वाड्यात आज बी कोकरं उड्या मारत्यात. साताऱ्याला कुनी मला बोलावलंच न्हाई गं!" उठताना म्हनला, "आता तू तितं लागनार. पेटी तुझ्या हातनं जानार. आमाला कोन सांगनार?"

मी च्या दिला.

तर ऐका. उद्या मी सही करनार. घर चालवायचंय, लेकीची शाळा हाय. साहेब तेच हायती. पेटी आली की झाकन मी काढीन आन् आत हात घालून बघीन. बर्फ असला तर माझं काम मी करीन. पानी झालं असलं तर आदी साहेबाला सांगीन, रीतीपरमानं. त्यांनी ऐकलं न्हाई तर पदर खोचून माळाला लागीन. सायकल येत न्हाई मला, चालत जाईन.

पन जायच्या आदी घरात सांगून जाईन. तुमच्या फोटूम्होरं हुबी राहून सांगीन. तुमी नगं म्हनलासा, तरी जाईन.

थेट तुमचीच,
सुमन