पिल्लांच्या दाण्यातले खडे

प्रिय भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

तुम्ही, जाऊबाई आणि पोल्ट्रीवरचा सगळा पसारा खुशाल आहे असं धरून चालते. तुमची कंबर आता कशी आहे? बरी असेल तर रविवारी टेम्पो काढा आणि तुमची अकरा पिल्लं परत घेऊन जा. आधी सगळी हकीगत सांगून मग हे लिहायला हवं होतं, पण तेवढा दम माझ्यात उरलेला नाही.

"दादाला निवृत्तीनंतर विरंगुळा हवा, नाहीतर दिवसभर पोट धरून बसेल," असं म्हणून तुम्ही खोकं ठेवून गेलात. (तुमच्या बंधूंना पोटाखेरीज विषय नाही हे खरं. सकाळी साफ झालं की नाही, यावर आमच्या घरातलं हवामान ठरतं.) सोबत भरड्याची पिशवी दिलीत. ती ताटात ओतली, तर त्यात मूठ-मूठ खडे! सख्ख्या भावाच्या घरी असला माल? चष्मा लावून दोन दुपारी बसले आणि एकूण एक खडा वेचला. चाळीस वर्षांत या घरात कुणाच्या दाताखाली खडा आलेला नाही. (तुम्ही निघताना खड्यांबद्दल काहीतरी बोललात बहुधा. मी तेव्हा खोक्याखाली वर्तमानपत्र घालत होते.)

चौथ्या दिवशी पिल्लं मलूल. गळ्याखाली शेंगदाण्याएवढी घट्ट गाठ, बुडं चिकटलेली. तुमच्या बंधूंना तर हर्षच झाला. आजवर त्यांचं ऐकणारा एकही रुग्ण मिळाला नव्हता, आता एकदम अकरा. पहिल्या दिवशी त्यांनी लंघन जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी पाण्यात स्वतःचं पाचक चूर्ण कालवलं आणि तिसऱ्या दिवशी पिल्लांना शतपावलीसाठी दिवाणखान्यात सोडलं. कापूस आणि कोमट पाणी घेऊन बुडं पुसायला मात्र मी.

सगळ्यात धाकट्याने मान टाकली तेव्हा मी खोकं उचललं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. तुमचे बंधू चूर्णाची बाटली घेऊन मागोमाग. डॉक्टरांनी पिल्लाचा गळा बोटाने हळूहळू चोळला आणि विचारलं, "दाण्याबरोबर बारीक खडी देता ना?"

मी ताठ मानेने सांगितलं, "आमच्याकडे सगळं निवडून देतात."

"अहो बाई, पिल्लांना दात नसतात. भरडा पोटात दळला जातो तो खड्यांनीच. तुम्ही जातं काढून घेतलंत आणि दळण टाकत राहिलात! आणि साहेब, ते चूर्ण तुमच्यापाशीच ठेवा. पिल्लांना साधं पाणी आणि ऊब द्या. उपास अजिबात नको."

वेचलेले खडे मी जिन्यातल्या कुंडीत टाकले होते. त्यामुळे मी, निवृत्त मुख्याध्यापिका, जिन्यात गुडघे टेकून माती चाळत बसले. शेजारीण थांबून म्हणाली, "मोलाचं काही हरवलं का हो?" म्हटलं, "हो, खडे." ती भराभर पायऱ्या चढून वर गेली. धुऊन, उकळून (हो, उकळून!) ते पिल्लांना घातले.

खरा ताप पुढेच. तुमचे बंधू घरी येता येता म्हणाले, "दात नसले की खडे लागतात. माझी कवळी आहे. आणि तू चाळीस वर्षं माझ्या अन्नातले खडे वेचतेयस!" तेव्हापासून ते माझ्याकडे असे बघताहेत, जणू मीच त्यांचं पोट बिघडवलं. उरलेल्या खड्यांची बरणी मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. धाकटं अजून उठलेलं नाही. मला हे सगळं झेपत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. खडीचं एक पाकीट ताबडतोब पाठवा, कुंडीतली पुरणार नाही. त्यावर 'फक्त कोंबड्यांसाठी' असं तुमच्या अक्षरात ठळक लिहा. माझं ते ऐकत नाहीत.

आणखी ता. क. पत्राचं चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं आहे. रविवारी येऊ नका, पिल्लं इथेच राहतील. धाकटं आत्ता उठलं, दाणे टिपले आणि पाठोपाठ पुढचंही व्यवस्थित उरकलं. ते बघायला तुमच्या बंधूंनी मला स्वयंपाकघरातून हाका मारून बोलावलं. इतक्या वर्षांच्या संसारात स्वतःचं सोडून दुसऱ्या कुणाच्या पोटाची खुशाली त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितली.