वॉल्ट वेळेवर येतो

टोलेडो, नोव्हेंबर

प्रिय लॉरेन मावशी,

तुझ्या गुडघ्यांना आणि तुझ्या मांजरीला नमस्कार. दोन्ही अजून कुरकुरत असतील अशी आशा आहे. इकडे घोर अन्याय झाला. ऑफिसच्या फ्रिजमधलं माझं दही कोणीतरी खाल्लं. डब्यावर माझं नाव ठळक लिहिलेलं होतं (कंपनीत ते एवढं ठळक दुसरीकडे कुठेच नव्हतं, आणि खरं दुखणं तिथूनच सुरू होतं).

बिलं बाहेर पडण्याआधी त्यांतल्या चुका काढणं हे माझं काम. ते नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडलेलं कोणाला दिसत नाही. वसंतात आमचा साहेब ट्रेंट (वय माझ्या कोटाएवढं) म्हणाला, "वॉल्ट, तू कामाचा आहेस रे, पण दिसत नाहीस. जरा चमकायला शीक!" माणसं कमी करणार अशी कुजबुज होतीच, आणि नदीनचं महिन्याचं इंजेक्शन नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या, नोकरीच्या विम्यावर चालतं. म्हटलं, चमकू.

आमच्याकडे भिंतीवरच्या पडद्यावर शाबासक्या झळकतात. स्वतःची लिहायची नाही, दुसऱ्याची लिहायची (सभ्यतेची कमाल). तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या रोंडाशी मी करार केला: सोमवारी मी तिला वाखाणायचं, शुक्रवारी तिनं मला. मावशी, मी जीव ओतला गं. रोंडाची नजर, रोंडाचा संयम, रोंडानं सांभाळलेली गिऱ्हाइकं... त्यांतली बरीचशी मीच सांभाळलेली, पण स्वतःचं लिहायचं नाही ना! रोंडानं दर शुक्रवारी लिहिलं, "वॉल्ट वेळेवर येतो."

गेल्या गुरुवारी आमच्या दोन टेबलांचं एक झालं. ट्रेंटनं मला सगळ्या शाबासक्या वाचून दाखवल्या. "मी तरी काय करू, वॉल्ट? रोंडावाचून इथलं पान हलत नाही, हे तूच लिहिलंयस. आणि काय सुंदर लिहिलंयस!" माझ्याविरुद्धचा साक्षीदार मीच, आणि साक्षही झकास. विमा महिनाअखेरीपर्यंत.

मी खोकं भरत होतो तेव्हा रोंडा येऊन उभी राहिली. डोळे लाल. "मला कुठे लिहिता येतं, वॉल्ट? नसलेलं काही सुचतच नाही बघ. पण वेळेवर येतोस हे खरं होतं ना?"

"दही तू खाल्लंस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तुझा,
वॉल्ट

ता. क. तुझ्या तळघरातली खोली अजून रिकामी आहे का? आम्ही दोघंच. नदीनला मी अजून काही सांगितलेलं नाही. फोन केलास तर हवेबद्दलच बोल.

आणखी एक ता. क. खोकं भरून होईपर्यंत माझा संगणक चालू होता. त्या सोमवारची माझ्याकडची शाबासकी राहून गेली होती. लिहून टाकली: "रोंडा खोटं बोलत नाही."